शीतपेय कंपनीची व्यूहरचना आणि बाह्य व्यावसायिक पर्यावरण

कायदा, कर, पाणी, हवामान, प्रतिस्पर्धी आणि लोकांची आवड या कंपनीच्या हाताबाहेरच्या परिस्थितीला व्यावसायिक पर्यावरण म्हणतात. बहुराष्ट्रीय शीतपेय कंपनी काय विकते, किती किमतीला विकते आणि कोणता धोका स्वतःच्या अंगावर घेते, हे बरेचसे या परिस्थितीवर ठरते. वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत हे घटक एकाखाली एक, जणू सारख्याच वजनाचे असल्यासारखे दिलेले असतात. प्रत्यक्षात एकेक घटक धंद्याच्या वेगवेगळ्या भागाला जाऊन भिडतो. त्यामुळे आधी या धंद्याची बांधणी पाहायला हवी.

शीतपेयाच्या धंद्याचे दोन भाग असतात. पहिल्यात कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पेयाचा अर्क, तयार होतो. दुसऱ्यात त्यात पाणी, साखर आणि कार्बन डायऑक्साइड मिसळून बाटल्या भरल्या जातात आणि त्या दुकानापर्यंत पोचवल्या जातात. अर्काला जागा थोडी लागते, पाणीही फारसे लागत नाही आणि नफा मोठा असतो. बाटलीभरणीत यंत्रे, ट्रक, पाणी, कामगार असा सगळा पसारा आला. म्हणून मूळ कंपनी अर्क आणि ब्रँड आपल्याकडे ठेवते आणि बाटलीभरणी शक्यतो दुसऱ्याकडे सोपवते. पुण्याजवळ मुळशी तालुक्यातील पिरंगुट येथे कोका-कोलाच्या अर्काचा कारखाना उभा राहिला. पेयाच्या जाहिरातीचा खर्च ही अर्क बनवणारी कंपनीच करते. जाहिरात तर बाटलीतल्या पेयाची, मग जाहिरात सेवेवर भरलेल्या कराची वजावट अर्कावरील उत्पादन शुल्कातून कशी मिळणार, असा प्रश्न पुण्याच्या केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याने उपस्थित केला. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पेयाची मागणी वाढली की अर्काचीही वाढते, तेव्हा जाहिरातीचा खर्च अर्काच्या धंद्याचाच आहे, असे न्यायालयाने मानले. या धंद्यात पैसा नेमका कुठे आहे, हे या करविषयक खटल्याइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

भारतात सर्वांत मोठा फटका कायद्याने दिला. परकीय चलन नियमन कायदा, १९७३ अन्वये परदेशी भागीदारी ४० टक्क्यांवर आणण्याची सक्ती झाली. जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, मालकी आणि अर्काचे गुपित यांवरचा ताबा सोडण्यापेक्षा कोका-कोलाने १९७७ मध्ये देश सोडला. मोकळ्या झालेल्या बाजारात पार्लेचे थम्स अप मोठे झाले. पेप्सीने दुसरी वाट धरली. पंजाब सरकारचे पंजाब ॲग्रो महामंडळ आणि टाटांची व्होल्टास यांना भागीदार करून आणि निर्यात व शेतमाल प्रक्रियेच्या अटी मान्य करून ती १९९० मध्ये ‘लेहर पेप्सी’ या नावाने बाजारात आली. उदारीकरणानंतर १९९३ मध्ये कोका-कोला परतली, ती पार्लेचे थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट हे ब्रँड विकत घेऊनच. थम्स अपला बाजूला सारून स्वतःचा कोला पुढे आणण्याचा प्रयत्न झाला, पण गिऱ्हाइकाने तो चालू दिला नाही. पुढे थम्स अप हा कंपनीचा भारतातील अब्ज डॉलर विक्रीचा ब्रँड झाला. डिसेंबर २०२४ मध्ये कोका-कोलाने भारतातील आपल्या बाटलीभरणी कंपनीच्या पालक कंपनीतील ४० टक्के हिस्सा जुबिलंट भरतिया या भारतीय उद्योगसमूहाला विकण्याचे जाहीर केले. भारतीय भागीदार घेण्याची सक्ती आता उरलेली नव्हती. आणि हिस्सा विकला तोही बाटलीभरणीतला. अर्क हातचा सोडलेला नाही.

पाणी हा पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकला जाणारा घटक, पण पुणे जिल्ह्यात तो एका ओळीत मावणारा नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून क्षमता सुमारे २९ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातच शहराची तहान आणि हवेली, दौंड, इंदापूरची शेती भागवायची असते. उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्यातून शेतीला पाणी सोडणे, किती दिवसांचे, यावर कालवा सल्लागार समितीत दरवर्षी ओढाताण होते. पिरंगुट ज्या मुळशी तालुक्यात आहे, तिथे टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. पाणी आणि जमीन उद्योगाला का द्यायची, हा प्रश्न इथे शंभर वर्षे जुना आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या दररचनेतही, पाणी हाच कच्चा माल असलेल्या शीतपेय, बाटलीबंद पाणी यांसारख्या उद्योगांना इतर उद्योगांपेक्षा बराच चढा दर लावला जातो, आणि तो रास्तच आहे. पाण्याच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यावर काय होते, ते केरळमधील प्लाचिमाडा येथे दिसले. भूजल आटल्याच्या आणि बिघडल्याच्या तक्रारींवरून लोक आंदोलनात उतरले, पेरुमाट्टी ग्रामपंचायतीने परवान्याचे नूतनीकरण नाकारले आणि २००४ मध्ये तिथला कोका-कोलाचा कारखाना बंद पडला. वापरले तेवढे पाणी निसर्गाला परत देण्याचे जागतिक उद्दिष्ट कंपनीने जाहीर केले ते त्यानंतर, २००७ मध्ये.

त्याच सुमारास शुद्धतेचा प्रश्न पेटला. २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश असल्याचे जाहीर केले. चौकशीसाठी नेमलेल्या संयुक्त संसदीय समितीचे अध्यक्ष शरद पवार होते. समितीने संस्थेच्या निष्कर्षांना दुजोरा दिला आणि शीतपेयांसाठी वेगळी मानके ठरवण्याची गरज दाखवून दिली.

हवामानाचा घाव बाटली भरणाऱ्यावर आणि दुकानदारावर पडतो. गुढीपाडव्याच्या आधीच वितरकाच्या गोदामात क्रेटची थप्पी लागते. पेठेतल्या किराणा दुकानाच्या दाराशी कंपनीने दिलेला काचेच्या दाराचा फ्रीज उभा असतो. फ्रीज कंपनीचा, वीजबिल दुकानदाराचे. डोळ्यांसमोरचे कप्पे त्याच कंपनीच्या बाटल्यांनी भरलेले असावेत आणि प्रतिस्पर्ध्याचा माल त्यात ठेवू नये, ही अट. ‘थंड आहे का?’ या गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले तर विक्री बुडालीच, म्हणून हा फ्रीज जाहिरातीच्या फलकापेक्षा मोलाचा. २०२५ मध्ये मात्र मे महिना पावसात गेला आणि २६ मे रोजीच मान्सून पुण्यात पोचला. पेप्सीची पेये भरणाऱ्या वरुण बेव्हरेजेसची एप्रिल ते जून या ऐन हंगामाच्या तिमाहीतील भारतातली विक्री घटली.

किमतीची पायरी ग्रामीण आणि निमशहरी गिऱ्हाईक ठरवते. २००३ मध्ये कोका-कोलाने २०० मिलिची बाटली ५ रुपयांना आणली. वीस वर्षांनी रिलायन्सने जुना कॅम्पा ब्रँड पुन्हा बाजारात आणला आणि २०० मिलिसाठी १० रुपये भाव ठेवून त्याच पायरीवर घाव घातला. चवीची स्पर्धा वेगळी. पुण्याच्या लष्कर भागात शरबतवाला चौकातल्या अर्देशीर अँड सन्सचा रास्पबेरी सोडा १८८४ पासून आहे. शिवाय उसाच्या रसवंत्या, कोकम सरबत, उन्हाळ्यातले पन्हे आहेतच. या पेयांमागे जाहिरात जवळजवळ नाही, तरी उन्हाळ्यात गिऱ्हाईक तुटत नाही.

२०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा वातयुक्त पेयांवर २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन सरळ ४० टक्के कर झाला, तर वायू न मिसळलेल्या फळांच्या पेयांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर उतरला. आंब्याच्या पेयांकडे कंपन्यांचा कल वाढायला हे एक सबळ कारण आहे. साखर कमी करण्याला मात्र या कररचनेतून काहीच उत्तेजन मिळत नाही, कारण साखरविरहित कोलावरही तोच ४० टक्के कर आहे. ब्रिटनमध्ये २०१८ पासून साखरेच्या प्रमाणानुसार आकारणी सुरू झाली आणि तिथल्या कंपन्यांनी पेयांतली साखर घटवली. भारतात दबाव येतो तो नियमांतून. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार जास्त साखर, मीठ किंवा मेद असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. त्याची अंमलबजावणी शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर व्हायची असते आणि तिथेच ती ढिली पडते.