बैलाची माती

बैलाची माती : घरचा बैल मेल्यावर त्याला घरच्याच जमिनीत पुरण्याचा आणि पुढं त्याची आठवण जपण्याचा, ठाणे जिल्ह्याच्या भातशेतीच्या पट्ट्यातला रिवाज. गाय आणि म्हैस यांनाही तो लागू होतो. माणसाच्या अंत्यविधीला जाणं म्हणजे ‘मातीला जाणं’. जनावर घरचं असेल तर त्याच्यासाठीही हाच शब्द वापरतात. दुसऱ्याचा बैल ‘मेला’ असं बोललं तरी चालतं. आपला बैल ‘गेला’, आणि त्याला ‘माती दिली’. मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ तालुक्यांतल्या कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी अशा शेतकरी घरांत हे बोलणं सहज कानावर येतं. रिवाजाला पोथीचा आधार नाही, ठरलेला मंत्र नाही, आणि घराघरांत तो थोडाफार वेगळा असतो.

एका जनावरासाठी एवढं का, हे भातशेती पाहिल्याशिवाय कळत नाही. घाटाखालच्या या भागात पाऊस धो धो पडतो, आणि लावणीआधी गुडघाभर पाण्यात चिखलणी करावी लागते. पॉवर टिलर येईपर्यंत ते काम बैलांचंच होतं. शहापूर-मुरबाडकडे डांगी जातीचे बैल असतात. त्यांच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे दिवस-दिवस पावसात उभं राहूनही ते टिकतात. जोडीतल्या बैलांच्या बाजू ठरलेल्या असतात, एक उजव्या अंगाचा, एक डाव्या अंगाचा. वर्षानुवर्षं त्याच बाजूनं जू ओढून खांद्याला तसा घट्टा पडतो, चाल तशी बसते. डावा बैल गेला की बाजारातून कुठलाही बैल आणून भागत नाही, डाव्या अंगालाच चालणारा शोधावा लागतो. तोवर उरलेला बैल गोठ्यात एकटा उभा असतो. पेंढा हुंगतो, खात नाही, रात्री हंबरतो. घरच्यांना आपल्या दुःखापेक्षा त्याचं हे हंबरणं जास्त लागतं, असं अनेक शेतकरी सांगतात.

मातीचा विधी साधा असतो. बैल शेवटचा बसला आणि उठत नाही असं दिसलं की त्याच्या तोंडात पाणी घालतात. प्राण गेल्यावर वेसण, म्होरकी, गळ्यातली घुंगुरमाळ काढून ठेवतात. हे काम बहुधा त्याला वागवणाऱ्या माणसाकडेच असतं. वेसण काढताना नाकपुडीच्या आतल्या बाजूला दोरीनं वर्षानुवर्षं घासलेली, गुळगुळीत झालेली जागा बोटाला लागते. त्या जागेवर हात थबकतो. मग घरातल्या बायका येतात, कपाळाला हळद-कुंकू लावतात, शिंगांना हात लावून पाया पडतात. अंगावर नवं कापड किंवा पोळ्याची जुनी झूल पांघरतात. नारळ फोडतात. खड्डा माणसाच्या खांद्याइतका खोल घेतात, आणि त्यात मीठ ओततात. मिठामुळे वास सुटत नाही आणि कुत्री-कोल्ही उकरत नाहीत, असं त्यामागचं कारण सांगतात. घरातला प्रत्येक जण मूठमूठ माती टाकतो. भर पावसात खड्डा पाण्यानं भरत राहतो, उपसावा लागतो. त्या वेळी शेजारचे लोक न बोलावता फावडी घेऊन येतात. लावणीच्या दिवसांत बैल गेला तर हेच शेजारी सावडीनं, म्हणजे एकमेकांच्या कामाची परतफेड करत, आपली जोडीही देतात. जागेवर डोक्याच्या बाजूला एक दगड ठेवतात, काही घरं तिथं आंब्याचं रोप लावतात. त्या दिवशी घरात चूल उशिरा पेटते. काही घरी दहावाही घालतात.

प्रत्येक बैलाला माती मिळत नाही, ही या रिवाजाची दुखरी बाजू आहे. म्हातारा बैल विकणं ही शेतकऱ्याची जुनी गरज होती, कारण पेंढा मोजका आणि नवी जोडी घ्यायला पैसा हवा. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा इथं पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची मोठी जत्रा भरते. तिथला बैलबाजार प्रसिद्ध आहे. जवान बैल तिथून घरी आले आणि थकलेले बैल तिथं सोडून माणसं परतली, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. विकलेल्या बैलाची आठवण लोक मोठ्यानं काढत नाहीत. म्हणूनच ‘आम्ही त्याला माती दिली’ या वाक्यात अभिमान असतो. कामाचा उरला नाही तरी त्याला दारात ठेवलं, बसून खायला घातलं, असा त्याचा अर्थ. या प्रथेचं मोल मला खड्ड्याच्या विधीपेक्षा आधीच्या त्या दोन-तीन बसून खाल्लेल्या वर्षांत अधिक दिसतं. ४ मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यानंतर म्हाताऱ्या बैलाला घेणारा मिळणं अवघड झालं आणि तो सांभाळण्याचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी आला.

दुसरी बाजू जातीची आहे, आणि ती वगळून ही नोंद खरी होणार नाही. गावातलं मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम जातिव्यवस्थेनं महार समाजावर लादलं होतं. मालक वेसण काढून मागं सरायचा. पुढचं सगळं दुसऱ्याच्या खांद्यावर, तेही अपमानासकट. मार्च १९२७ मध्ये महाड इथल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचं मांस सोडण्याचं आवाहन केलं, आणि ओढकामाच्या सक्तीविरुद्धची चळवळ गावोगाव पोचली. पुढं १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ ग्रामवतनं, म्हणजे अशा गावकामाशी बांधलेली वंशपरंपरागत वतनं, रद्द झाली. आज मालक आपल्या हातानं खड्डा खणतो, आपल्या बैलाला आपण माती देतो, याच्या मागं हा इतिहासही आहे.

पुरल्यानंतरची आठवण वस्तूंमध्ये आणि सणांमध्ये राहते. गोठ्यातला त्याचा खुंटा काही दिवस मोकळाच ठेवतात. घुंगुरमाळ खिळ्याला टांगतात. पुढं झालेल्या गोऱ्ह्याला त्याचंच नाव देतात, म्हणून एकाच घरात तीन पिढ्यांचे तीन सर्जे होऊन गेलेले असतात आणि बोलताना ‘थोरला सर्जा’ असं सांगावं लागतं. पोळ्याला जोडी नसेल तर मातीचे बैल पाटावर मांडून पुरणपोळी दाखवतात. गायीची आठवण वसुबारसेला येते. त्याच आश्विन वद्य द्वादशीला डोंगराकडची गुराखी माणसं वाघबारस पाळून वाघोबाला गुरं राखायला सांगतात. दिवाळीच्या पाडव्याला पहाटे गुरं रंगवून भाताच्या पेंढ्याच्या जाळावरून उडवतात. नेहमी पुढं धावणारा बैल त्या वर्षी नसला की जाळापाशी कुणीतरी त्याचं नाव घेतंच.

जुन्या कोकणात मात्र दगडावर जनावराचं स्मारक कोरलेलं सहसा दिसत नाही. वीरगळांच्या, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मारकदगडांच्या, खालच्या पट्टीत गायी कोरलेल्या असतात, पण तो दगड गुरं सोडवताना पडलेल्या माणसाचा.

काही मरणं एकेकटी नसतात. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीकाठची गुरं गोठ्यातच बुडाली. दाव्याला बांधलेलं जनावर पोहू शकत नाही. ‘दावं कापायला हवं होतं’ हे वाक्य अजूनही ऐकू येतं. तेव्हा कुणाला हळद-कुंकू लावता आलं नाही, माती एकत्रच द्यावी लागली. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग आला. सरकारनं त्यात मेलेल्या दुधाळ जनावरामागं ३०,००० रुपये, ओढकामाच्या जनावरामागं २५,००० आणि वासरामागं १६,००० रुपये मदत दिली. संसर्गाच्या भीतीनं चुना टाकून घाईनं पुरलेल्या त्या जनावरांजवळ घरच्यांना फार वेळ थांबता आलं नाही.

शर्यतीच्या बैलाची माती मोठी होते. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदीची सात वर्षं म्हणजे धावत्या बैलाचं अख्खं उमेदीचं आयुष्य. त्या काळात कितीतरी बैल एकदाही मैदानात न उतरता म्हातारे झाले, आणि तरी मालकांनी त्यांना खुराक चालू ठेवला. आता नावाजलेला बैल गेला की नाक्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फलक लागतो, गुलाल उधळून ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघते, मोबाइलच्या स्टेटसवर त्याचा फोटो फिरतो. काहींना हा देखावा वाटतो. पण ज्यानं बैलाच्या अंगाखाली रोज गोणपाट अंथरलं, तो माणूस त्या गर्दीत मागं उभा राहून रडत असतो.

नवी मुंबईत या रिवाजाची जमीनच गेली. १७ मार्च १९७० रोजी नवं शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ९५ गावांची जमीन शहरासाठी घेतली गेली. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, करावे या गावांत भाताची खाचरं होती, खाडीकडे मिठागरं होती. खाचरं गेली तशी नांगरटही गेली, बैल गेले. आणि ज्या बांधाला आधीचे बैल पुरले होते ते बांध सेक्टर, रस्ते आणि इमारतींच्या खाली आले. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याच्या योजनेत भूखंड मिळाला तो बहुतेक दुसरीकडेच. त्यामुळे ‘आमचा बैल तिथं पुरलाय’ म्हणून दाखवताना म्हातारी माणसं सिग्नलकडे किंवा पार्किंगच्या फाटकाकडे बोट करतात. शहरात आज एखादी गाय मेली तर महापालिकेला कळवायचं, गाडी येऊन घेऊन जाते. माती देण्याइतकी जागा कुणाच्या नावावर नाही.

गावठाणातल्या घरात वस्तू तेवढ्या राहिल्या. जुनं घर पाडून चार मजले चढवले तरी घुंगुरमाळ नव्या बैठकीत येते, आजोबांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी खिळ्याला टांगली जाते. पाडव्याला ती उतरवतात. पितळ काळं पडलेलं असतं. चिंच लावून एकेक घुंगरू घासतात, चामड्याच्या पट्ट्याला तेल चोळतात. पट्ट्याच्या आतल्या बाजूला अजून दोन-चार पांढरे केस चिकटलेले असतात. घासताना तेवढा भाग सोडून देतात.