आउटलुकचा ‘परका प्रोग्रॅम’ इशारा

एक्सेल, वर्ड, ॲक्सेस किंवा हिशेबाचे एखादे सॉफ्टवेअर आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या मेल-प्रोग्रॅममार्फत मेल पाठवू लागले की कधीकधी मध्येच एक चौकट उघडते. कोणी प्रोग्रॅम तुमच्या नावाने मेल पाठवू पाहतो आहे, परवानगी द्यायची का, असे ती विचारते. ‘अलाउ’ आणि ‘डिनाय’ अशी बटणे असतात, त्यांतले ‘अलाउ’ काही सेकंद दाबताच येत नाही. हा मेल-सर्व्हरचा, पासवर्डचा किंवा इंटरनेटचा दोष नव्हे. मेल अजून संगणकाबाहेर पडलेलीच नसते, त्यामुळे खात्याच्या सेटिंग बदलत बसण्यात वेळ फुकट जातो.

हा पहारा कशासाठी बसवला, ते दोन व्हायरसांच्या इतिहासात आहे. मार्च 1999 मध्ये ‘मेलिसा’ वर्डच्या मॅक्रोतून, म्हणजे फाइलमध्ये ठेवलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून, आउटलुकमध्ये शिरून पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या 50 जणांना स्वतःच मेल पाठवत असे. मे 2000 मधल्या ‘आय लव्ह यू’ने तर सगळ्या यादीलाच मेल धाडल्या. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने बाहेरच्या प्रोग्रॅमने मेल पाठवणे आणि पत्ते वाचणे यांवर राखण बसवली. तिचे नाव ऑब्जेक्ट मॉडेल गार्ड. सुरुवातीला ती प्रत्येक वेळी विचारत असे. आउटलुक 2007 पासून नियम सैल झाला: अँटीव्हायरस चालू आणि अद्ययावत असल्याचे विंडोज सांगत असेल, तर आउटलुक गप्प राहते. म्हणजे आजच्या संगणकावर हा इशारा दिसला, तर पहिला संशय अँटीव्हायरसवर घ्यावा.

तपासणी सोपी आहे. आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, प्रोग्रॅमॅटिक ॲक्सेस असे जावे. तिथे खाली अँटीव्हायरसची स्थिती लिहिलेली असते. ‘व्हॅलिड’ असेल तर कारण दुसरीकडे आहे. ‘इनव्हॅलिड’ असेल तर विंडोज सिक्युरिटी उघडून कोणता अँटीव्हायरस नोंदलेला आहे आणि त्याची व्हायरस-यादी शेवटची कधी अद्ययावत झाली ते पाहावे. नव्या लॅपटॉपसोबत आलेला आणि मुदत संपलेला अँटीव्हायरस हा नेहमीचा गुन्हेगार. तो काढून टाकून संगणक पुन्हा सुरू केला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर जागा होतो. त्याला एकदा अपडेट केल्यावर आउटलुक बंद करून उघडावे.

कोकणात या इशाऱ्याला हंगाम असतो. रत्नागिरी, देवगड भागातल्या अनेक आंबा बागायतदारांचा आणि व्यापाऱ्यांचा कचेरीतला संगणक हंगाम सरला की झाकून ठेवला जातो, तो पुढच्या मार्चला उघडतो. तोवर व्हायरस-यादी जुनी झालेली असते. पहिल्या पेट्यांची बिले एक्सेलच्या मॅक्रोतून पाठवायला घेतली की चौकट पुढे येते. पतसंस्थांची वेळ पावसाळ्यातली: सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेच्या नोटिसा वर्डच्या मेलमर्जने (एकच मजकूर प्रत्येकाच्या नावाने वेगळा पाठवण्याची सोय) सभासदांना जातात, नेमकी तेव्हा वीज आणि इंटरनेट दोन्ही धड नसतात. अशा वेळी आधी अपडेट होऊ द्यावे, मग मेल सोडाव्यात. महिनोन् महिने प्लगविना राहिलेल्या संगणकाच्या मदरबोर्डवरची सीआर2032 बॅटरीही उतरते, तारीख मागे जाते आणि अँटीव्हायरसचा परवाना व व्हायरस-यादीची तारीख यांचा हिशेबच चुकतो. म्हणून घड्याळाकडे एक नजर टाकावी.

प्रोग्रॅमॅटिक ॲक्सेसमध्ये तीन पर्याय असतात: अँटीव्हायरस बंद वा जुना असेल तेव्हाच विचारणे, नेहमी विचारणे, कधीच न विचारणे. ते राखाडी दिसत असतील, म्हणजे निवडताच येत नसतील, तर आउटलुक पूर्ण बंद करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावे लागते. पहिला पर्याय सोडू नये. तिसरा निवडला की चौकट जाते खरी, पण संगणकात शिरलेल्या कुठल्याही प्रोग्रॅमला तुमच्या नावाने मेल पाठवायची मोकळीक मिळते. ‘अलाउ’ आपोआप दाबून देणारी छोटी सॉफ्टवेअरेही मिळतात. त्यांच्यामुळे बटण कोणासाठी दाबले जाते आहे हे कळतच नाही, म्हणून ती टाळावीत.

खरी अडचण विंडोज सर्व्हरवर येते. पतसंस्थेतले सगळे टर्मिनल एका सर्व्हरवर चालत असतील, तर तिथे विंडोज आउटलुकला अँटीव्हायरसची खबरच देत नाही. अँटीव्हायरस ताजा असूनही स्थिती ‘इनव्हॅलिड’च राहते. अपडेट करून उपयोग नाही. असे मेल शक्यतो आउटलुकला वगळून पाठवावेत. तेही जमत नसेल, तरच तो सर्व्हर नीट राखून ॲडमिनिस्ट्रेटरने इशारा विंडोजच्या ग्रुप पॉलिसीने (सगळ्या वापरकर्त्यांना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगने) बंद करावा. ही ती एकच जागा जिथे तिसरा पर्याय समजण्यासारखा आहे.

मॅक्रोतही काही गोष्टी बदलता येतात. इशारा मेल पाठवणाऱ्या ‘सेंड’ या आज्ञेला येतो, ती नुसती उघडून दाखवणाऱ्या ‘डिस्प्ले’ला नाही. दहा-बारा बिले असतील तर मेल उघडून दाखवावी आणि माणसाने बटण दाबावे, नजरही फिरते. मेलखाली आपोआप येणारी सही टिकावी म्हणून मॅक्रोत मेलचा एचटीएमएल (सजावटीसकट असलेला) मजकूर आधी वाचून त्याला पुढे मजकूर जोडण्याची युक्ती फार प्रचलित आहे. पण ते वाचणेसुद्धा राखणीखाली येते, म्हणून पाठवण्याआधीच चौकट उगवते. पत्ते वाचताना येणाऱ्या चौकटीत 1, 2, 5 किंवा 10 मिनिटांची मुभा देता येते. पाठवण्याच्या चौकटीत तशी सोय नसते, प्रत्येक मेलला वेगळे उत्तर द्यावे लागते. ‘डिनाय’ दाबले तर व्हीबीए (ऑफिसचे मॅक्रो लिहिण्याची भाषा) मधला मॅक्रो बहुधा 287 ही चूक दाखवून थांबतो. 429 दिसली तर गोष्ट वेगळी: एक प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून आणि आउटलुक साध्या वापरकर्त्याचा चालू असेल, तर दोघांची गाठ पडत नाही. दोन्ही एकाच अधिकाराने उघडावेत.

विंडोजच्या ‘न्यू आउटलुक’ या नव्या आवृत्तीत इशारा नसतो, कारण बाहेरच्या प्रोग्रॅमसाठीचा तो जुना दरवाजाच तिथे नाही. मॅक्रो चालवायचे असतील तर जुने, ‘क्लासिक’ आउटलुक ठेवावे लागते.

नेहमीचे शेकडो मेल असतील तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येच एसएमटीपीची, म्हणजे आउटलुकशिवाय थेट मेल-सर्व्हरकडे मेल पाठवण्याची, माहिती भरणे बरे. पोर्ट 587 आणि स्टार्टटीएलएस (मेल गुप्त करून पाठवण्याची पद्धत) ठेवावे. जीमेलच्या वैयक्तिक खात्यावर 30 मे 2022 नंतर असे सॉफ्टवेअर साध्या पासवर्डने चालत नाही. दुहेरी पडताळणी चालू करून 16 अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. अशा खात्यातून दिवसाला सुमारे 500 जणांपर्यंतच मेल जाते, म्हणून मोठ्या पतसंस्थेने नोटिसा दोन-तीन दिवसांत वाटून पाठवाव्यात.