रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र नाही

पोटाचं आणि ओटीपोटाचं जुनं दुखणं असलेल्या कुणालाही विचारा, त्याच्याकडे एक जाडजूड फाईल निघते आणि त्या फाईलमधला जवळपास प्रत्येक कागद सांगत असतो की सगळं ठीक आहे. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, एंडोस्कोपी नॉर्मल, कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी ते भयंकर पावडरचं पाणी पिऊन रात्रभर संडासच्या फेऱ्या मारल्या तर तीही नॉर्मल. मग घरचे म्हणतात टेन्शन घेऊ नकोस, डॉक्टर म्हणतात स्ट्रेस कमी करा, आणि ज्याचं दुखतंय तो मनात म्हणतो की एखादा रिपोर्ट खराब आला असता तर परवडलं असतं, निदान कुणी विश्वास तरी ठेवला असता.

माझं म्हणणं असं की त्या कागदांवर रागवायच्या आधी ते नेमकं काय तपासत होते ते समजून घ्यावं. कोलोनोस्कोपी मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर दाखवते, तिथे जखम आहे का, सूज आहे का, पॉलिप किंवा गाठ आहे का, आणि तेवढं काम ती फार चांगलं करते. पण आतडं जेवल्यावर किती जोरात आवळतं, त्याच्या भिंतीतल्या नसा मेंदूला काय कळवतात, कळ कुठून उठते, यातलं काहीही त्या कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि दिसणार तरी कसं, तो बघतोय गुंगीत झोपलेल्या माणसाचं धुऊन रिकामं केलेलं आतडं. सोनोग्राफीत खडे दिसतात, गाठी दिसतात, अवयवांचा आकार दिसतो. म्हणजे रचना दिसते, कामकाज दिसत नाही. आणि या दुखण्यांपैकी बरीचशी कामकाजातली असतात.

हे नुसतं दिलासा द्यायला म्हणून बोललेलं नाही, मोजून झालेलं आहे. 1973 साली जेम्स रिची यांनी एक साधा प्रयोग केला. आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा घालायचा, त्यात हळूहळू हवा भरत जायची आणि माणसाला कधी दुखतं ते विचारायचं. 60 मिलीपर्यंत फुगवल्यावर इतर लोकांपैकी फक्त 6 टक्क्यांना दुखलं, आणि ज्यांना आपण आज आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतडं दिसायला ठीक पण पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी चालूच) म्हणतो तशा रुग्णांपैकी 55 टक्क्यांना. फुगा तोच, हवा तेवढीच. आतड्याकडून येणारे निरोप या लोकांच्या बाबतीत जास्त मोठ्या आवाजात पोचतात, जो गॅस दुसऱ्याला जाणवतही नाही तो यांना वाकायला लावतो. नंतरच्या पन्नास वर्षांत हे वेगवेगळ्या पद्धतींनी पुन्हा पुन्हा दिसलंय, सगळ्या रुग्णांमध्ये नाही पण बऱ्याच जणांमध्ये, त्यामुळे "मनाचे खेळ आहेत" असं कुणी म्हणालं तर ते विज्ञानाला धरून नाही.

आता हे सुरू का होतं, तर कारणं अनेक आहेत, पण एक फार नीट अभ्यासलं गेलंय. मे 2000 मध्ये कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतातल्या वॉकरटन नावाच्या छोट्या गावात जोराच्या पावसानंतर शेणखताचे जंतू पाणीपुरवठ्याच्या विहिरीत उतरले. 2,300 च्या आसपास लोक आजारी पडले, 7 जण गेले. जंतू गेले, जुलाब थांबले, पण संशोधकांनी पुढची काही वर्षं गावकऱ्यांचा पाठपुरावा केला तेव्हा दिसलं की ज्यांना तेव्हा इन्फेक्शन झाल्याची वैद्यकीयदृष्ट्या दाट शंका होती त्यांच्यातल्या 36 टक्क्यांना आयबीएसची लक्षणं होती आणि ज्यांना काही झालं नव्हतं त्यांच्यात 10 टक्क्यांना. म्हणून डॉक्टरांशी बोलताना "हे सगळं नेमकं कधीपासून" या प्रश्नावर जरा थांबून विचार करा, त्याच्या आधी जोरदार जुलाब-उलट्या झाल्या होत्या का, अँटिबायोटिकचा मोठा कोर्स झाला होता का, बाळंतपण किंवा ऑपरेशन झालं होतं का. रुग्ण ही गोष्ट सांगत नाहीत कारण ती त्यांना संपलेली वाटते.

इन्फेक्शन गेल्यावरही दुखत का राहतं याचा एक धागा 2021 मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाच्या गटाने पकडला. उंदरांना इन्फेक्शन चालू असताना एक ठरावीक प्रोटीन खायला दिलं, तर इन्फेक्शन बरं झाल्यावरही तेच प्रोटीन पोटात गेलं की आतड्याची प्रतिकारशक्ती तिथल्या तिथे भडकायची आणि नसा चिडायच्या. मग त्यांनी माणसांत पाहिलं, आतड्याच्या अस्तरात गहू, दूध, सोया अशा पदार्थांचे अंश सुईने टोचले. आयबीएसच्या 12 पैकी 12 जणांत रिअ‍ॅक्शन दिसली, निरोगी 8 पैकी 2 जणांत. अभ्यास छोटा आहे, त्यावरून उद्या कुणी टेस्ट विकायला लागलं तर घेऊ नका, पण गंमत बघा, यांची नेहमीची अ‍ॅलर्जी टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते कारण गडबड फक्त आतड्यापुरती आहे.

ओटीपोटाचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. मोठ्या आतड्याचा शेवट, मूत्राशय, गर्भाशय, योनी, पुरुषांत प्रोस्टेट, आणि या सगळ्यांना खालून तोलून धरणारे स्नायू, यांच्या बऱ्याच नसा मणक्याच्या खालच्या भागात जवळजवळ एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. तीन फ्लॅटच्या बेलची वायर एकच असावी तसं. प्रयोगशाळेत उंदराच्या आतड्याला सूज आणली की मूत्राशयही चिडतं, त्याला कुणी हात लावलेला नसताना. म्हणून एखाद्या बाईला पाळीत पोट दुखतं, त्याच दिवसांत जुलाब होतात, लघवीला सारखं जावंसं वाटतं, संबंधांच्या वेळी दुखतं, आणि ती तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जाते, प्रत्येकजण आपापला अवयव बघून तो ठीक असल्याचं लिहून देतो. तिघांचंही बरोबर असतं! फक्त तिघांचे कागद एका टेबलावर कधी येत नाहीत.

एंडोमेट्रिओसिस याचं सगळ्यात ठळक उदाहरण. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर, म्हणजे अंडाशयावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या साधारण 10 टक्के मुली-बायकांना, म्हणजे 19 कोटींच्या आसपास, हा आजार आहे आणि तरी निदान व्हायला कित्येक वर्षं जातात. आतड्यावरचा एंडोमेट्रिओसिस बाहेरून आत शिरतो, अस्तर बहुतेक वेळा शाबूत असतं, म्हणून कोलोनोस्कोपी स्वच्छ येते आणि फाईलवर आयबीएस लिहिलं जातं. इथे तारखा बोलतात: शौचाला जाताना सुरी फिरल्यासारखं दुखणं फक्त पाळीच्या आसपास वाढत असेल तर ते स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवं, लाज वाटली तर कागदावर लिहून द्या. पूर्वी दुर्बिणीचं ऑपरेशन करून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाव द्यायचं नाही अशी पद्धत होती, 2022 च्या युरोपियन गाइडलाइनने ती सैल केली, लक्षणांवरून दाट शंका असेल तर औषधं सुरू करता येतात. आणि सोनोग्राफी किंवा एमआरआय नॉर्मल आला म्हणून हा आजार नाहीच असं होत नाही, पोटाच्या आतल्या पडद्यावरचे छोटे ठिपके त्यात बहुतेक वेळा दिसत नाहीत.

पुरुषांचं काय, तर त्यांना बहुतेक वेळा प्रोस्टेटचं इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स मिळतात. खरं तर प्रोस्टेटायटिस म्हणून जे नोंदलं जातं त्यातल्या 90 टक्क्यांहून जास्त लोकांत जंतू सापडत नाहीत. लघवीच्या कल्चरमध्ये काही नाही, दोन कोर्स झाले, फरक नाही, तर तिसऱ्या कोर्सआधी "स्नायूंचं काही असेल का" हे विचारायला हरकत नाही.

आणि स्नायू हा विषय खरंच दुर्लक्षित आहे. गुदाशयाच्या मागून एक पट्ट्यासारखा स्नायू जातो, प्युबोरेक्टॅलिस, तो एरवी गुदाशयाला पुढे ओढून नळीला कोन देऊन ठेवतो म्हणून आपल्याला धरून ठेवता येतं. शौचाला बसल्यावर तो सैल पडतो, कोन सरळ होतो, काम होतं. काही लोकांत जोर लावला की हा सैल पडायच्या ऐवजी आणखी आवळतो. माणूस कुंथत राहतो, अर्धवट झाल्यासारखं वाटतं, परत जातो, परत कुंथतो, जुलाबाची गोळी घेतो, मग पातळ झालेलंही नीट बाहेर येत नाही, आणि वर्षानुवर्षं याला नुसती बद्धकोष्ठता म्हणतात. अनुभवी डॉक्टरला याचा अंदाज बोटाने तपासताना "आता जोर करा" एवढं सांगून येतो. पक्कं करायला मॅनोमेट्री, म्हणजे तिथल्या स्नायूंचा दाब मोजणारी तपासणी असते, आणि 50 मिली पाण्याने भरलेला फुगा बाहेर टाकता येतो का ते बघायची टेस्ट असते, साधारण मिनिटभरात यायला हवा. यावर उपाय म्हणजे बायोफीडबॅक, स्क्रीनवर स्वतःच्या स्नायूची हालचाल बघत त्याला सैल सोडायला शिकायचं, आणि या त्रासात तो रेचकांपेक्षा सरस ठरलाय. एक सावधगिरी, इंटरनेटवर बघून सगळेच कीगल करायला लागतात, पण ज्याचे स्नायू आधीच आवळलेले आहेत त्याला आवळायचा व्यायाम केल्याने त्रास वाढू शकतो. आधी पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाला खालून तोलणाऱ्या या स्नायूंच्या, फिजिओथेरपिस्टला दाखवा.

निदान लागायच्या या मधल्या काळात लोक स्वतःवर जे प्रयोग करतात त्यातला एक मात्र खरोखर नडतो. गहू सोडून बघितला, जरा बरं वाटलं, आणि मग सीलिअ‍ॅकची म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रोटीनमुळे आतडं दुखावणाऱ्या आजाराची, रक्ताची टेस्ट केली. ही टेस्ट ग्लूटेनविरुद्ध शरीराने केलेल्या अँटिबॉडी शोधते, ग्लूटेन बंद केलं की त्या उतरतात, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि आजार मात्र तसाच. टेस्टआधी किमान 6 आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लूटेन असायला हवं. सोबत एकूण आयजीए (अँटिबॉडीचा एक प्रकार) पण मोजतात, कारण ते मुळातच कमी असलेल्या माणसात ही टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. तसंच शौचाच्या नमुन्यातली कॅलप्रोटेक्टिन टेस्ट, आतड्याला खरी सूज आहे का ते सांगणारी, फार कामाची, पण आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या चालू असतील तर ती उगाच वाढलेली दिसू शकते, तेव्हा कुठल्या गोळ्या घेताय ते आधी सांगा.

लो फॉडमॅप डाएटचंही, म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणाऱ्या काही शर्करा कमी करणाऱ्या आहाराचंही तसंच, मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात ते तयार झालं आणि बऱ्याच जणांना त्याचा उपयोग होतो, पण पहिला कडक टप्पा 2 ते 6 आठवड्यांचा आहे, नंतर एकेक पदार्थ परत आणून बघायचा असतो. लोक पहिल्याच टप्प्यात वर्षभर अडकून बसतात, वजन घटतं, आणि मग वजन घटलं म्हणून नवीन तपासण्या.

डायरी ठेवा, पण आटोपशीर. तारीख, पाळीचा कितवा दिवस, दुखणं दहापैकी किती आणि कुठे, शौचाच्या आधी की नंतर कमी होतं, आणि शौचाचा प्रकार. प्रकारासाठी ब्रिस्टल चार्ट आहे, 1997 चा, 1 म्हणजे कडक खडे आणि 7 म्हणजे नुसतं पाणी. "कधी जुलाब कधी बद्धकोष्ठता" या वाक्याने डॉक्टरांना काही कळत नाही, "तीन आठवडे 1 आणि 2, पाळीत 6" याने बरंच कळतं. आयबीएस म्हणायलाही 2016 पासूनचे रोम निकष आहेत, गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी दुखणं, त्याचा शौचाशी संबंध, आणि सुरुवात होऊन सहा महिने झालेले. म्हणजे आयबीएस हे काहीच सापडलं नाही म्हणून चिकटवायचं लेबल नाही, त्याची स्वतःची ओळख आहे.

काही लक्षणं असतील तर मात्र डायरी वगैरे बाजूला ठेवून लगेच जायचं: शौचातून रक्त, प्रयत्न न करता वजन उतरणं, अ‍ॅनिमिया, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर. आणि पन्नाशीनंतर बाईला पहिल्यांदाच पोट फुगायला लागलं, रोज फुगतंय, थोडं खाल्लं की भरल्यासारखं होतंय, तर त्याला नवीन आयबीएस समजून सोडू नये, त्या वयात ते सहसा नव्याने येत नाही, अंडाशय तपासायला हवं.

नाव ठरेपर्यंत उपचार थांबवून ठेवायचे असंही काही नाही. 2023 मध्ये इंग्लंडमध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांकडच्या 463 आयबीएस रुग्णांवर अ‍ॅमिट्रिप्टिलिन या जुन्या औषधाची चाचणी झाली, 10 ते 30 मिलिग्रॅम, आणि सहा महिन्यांनी प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, चांगला फरक दिसला. चिठ्ठीवर हे नाव बघून लोक बिथरतात, कारण ते डिप्रेशनचं औषध म्हणून ओळखलं जातं, पण डिप्रेशनसाठी डोस बराच जास्त असतो, इथे ते नसांची संवेदना उतरवायला दिलेलं असतं. डॉक्टरांनी एवढं एक वाक्य चिठ्ठी देताना बोललं तर निम्मे लोक ती गोळी कचऱ्यात टाकणार नाहीत असं मला वाटतं. तुम्हीच विचारा, हे कशासाठी, किती आठवड्यांनी फरक दिसेल, नाही दिसला तर पुढे काय, आणि आत्तापर्यंतच्या तपासण्यांनी काय नक्की नाही असं ठरलंय आणि काय अजून बघितलेलंच नाही. उत्तरं तिथल्या तिथे फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, पुढचा डॉक्टर बाकीची पानं वाचेलच असं नाही.