वाटेत धुळीला पाणी सुटतं

२०२२च्या जानेवारीत मुंबईवर पांढुरकी धूळ उतरली होती. पाकिस्तानच्या बाजूने उठलेलं वादळ अरबी समुद्र ओलांडून आलं आणि गाड्यांच्या काचांवर थर बसला. धूळ कुठून आली याचे नकाशे सगळ्यांनी पाहिले. वाटेत तिचं काय झालं, हा प्रश्न मात्र फारसा कुठे दिसला नाही. धूळ म्हणजे मेलेली माती, निघाली तशीच पोहोचते, असं आपण धरून चालतो.

तसं ते नसतं, हे दाखवणाऱ्यांमध्ये प्रा. विकी ग्रॅशियन यांचं नाव ठळक आहे. आधी आयोवा विद्यापीठात आणि आता कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत त्या पृष्ठभागांचं रसायनशास्त्र अभ्यासतात. याच विषयात २००७चं नोबेल मिळवणाऱ्या गेरहार्ड एर्टल यांनी निर्वात पोकळीत राखलेले स्वच्छ धातूंचे पृष्ठभाग तपासले. ग्रॅशियन यांनी मळलेले, दमट पृष्ठभाग घेतले. जगात असतात तसे.

धुळीत पृष्ठभाग किती, हे आधी पाहू. चुनखडीचा १ सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग भरतो ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या, बाजूचे तुकडे केले, की तेवढ्याच चुनखडीचा पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो. दरवर्षी १०० कोटी टनांहून जास्त धूळ वाळवंटांतून हवेत चढते.

त्यातला कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीतल्या कॅल्शियम कार्बोनेटचा, एक कण धरा. हवेतल्या बाष्पाचे रेणू त्याला चिकटतात आणि काही फुटतात: ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) कॅल्शियमवर बसतो, उरलेला हायड्रोजन कार्बोनेटवर. म्हणजे वरच्या थरात आता नुसतं कार्बोनेट उरत नाही, बायकार्बोनेटही असतं. गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांपासून झालेलं नायट्रिक आम्ल इथे पोहोचलं, की ते आपला हायड्रोजन या बायकार्बोनेटला देतं आणि तयार होतं कार्बोनिक आम्ल. शाळेत आपण शिकतो की ते टिकत नाही, लगेच फुटतं. ग्रॅशियन यांच्या प्रयोगशाळेत अवरक्त किरणांनी पाहिलं तेव्हा कोरड्या हवेत ते कणावर चक्क बसून राहिलेलं आढळलं! पृष्ठभाग त्याने अडतो आणि अभिक्रिया वरच्या थरातच थबकते. दमट हवा सोडली की ते फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि मागे राहतं कॅल्शियम नायट्रेट.

खरी गंमत इथून पुढे आहे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ते आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की. कॅल्शियम नायट्रेटला २० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. त्यामुळे ते बाष्प ओढून विरघळतं, खालचं ताजं कॅल्साइट उघडं पडतं, त्यावर पुन्हा आम्ल येतं. असं करत करत अख्खा कण संपतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आधी धारदार कडांचे खडे दिसतात, नंतर त्याच जागी गोल थेंब. खडा उन्हाचे किरण एका तऱ्हेने विखुरतो, थेंब दुसऱ्या. ढगातलं पाणी धरायलाही थेंब अधिक तयार. हवामानाच्या गणितात 'धूळ' हा एकच आकडा घातला तर हे सगळं निसटतं.

नायट्रेट झालं म्हणजे प्रदूषण कायमचं अडकलं, असंही नाही. कण टायटॅनियम डायऑक्साइडचा असेल, तर प्रकाश पडल्यावर त्यावरच्या नायट्रेटमधून नायट्रोजन ऑक्साइड परत हवेत सुटू शकतात. 'प्रदूषण खाणाऱ्या' रंगांच्या जाहिराती याच पदार्थाच्या जोरावर चालतात. खाल्लेलं पुढे कुठे जातं, हे विक्रेत्याला जरूर विचारा.

सगळी धूळ अशी वागत नाही. क्वार्ट्झवर, म्हणजे वाळूतल्या मुख्य खनिजावर, नायट्रिक आम्लाचा जवळजवळ काही परिणाम होत नाही. एकाच वाऱ्यात, एकाच उंचीवर, कॅल्साइटचा कण थेंब होऊन तरंगत असतो आणि शेजारचा वाळूचा कण निघाला तसाच कोरडा असतो.