आर्देशच्या घळीतला तीन पेडी दोर

दक्षिण फ्रान्समध्ये आर्देश नदीने चुनखडीच्या पठारात सुमारे ३० किलोमीटर लांबीची घळ कोरली आहे. घळीच्या वरच्या टोकाला शोव्हे गुहा आहे. सुमारे ३६,००० वर्षांपूर्वीच्या चित्रांमुळे सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. खालच्या टोकाजवळ, नदीपासून सुमारे ७० मीटर उंचीवर, आब्री द्यु मारा हा कातळाखालचा निवारा आहे. त्याचं छत ढासळत कधीच मागे सरकलंय. पण निअँडरथल माणसाचं रोजचं जगणं समजून घ्यायचं, तर आधी इथलीच माती पाहावी.

रेनडिअरची हाडं आणि दगडी पाती इथे भरपूर सापडतात. खरी मोलाची वस्तू २०२० मध्ये जाहीर झाली. सुमारे ६ सेंटिमीटर लांबीच्या एका पात्याच्या खालच्या बाजूला दोराचा तुकडा चिकटलेला होता. लांबी जेमतेम ६ मिलिमीटर, जाडी अर्धा मिलिमीटर, वय ४१,००० ते ५२,००० वर्षं. त्याआधीचे सर्वांत जुने ज्ञात धागे इस्राएलमधल्या ओहालो इथले, सुमारे १९,००० वर्षांपूर्वीचे होते.

तंतू सूचिपर्णी झाडाच्या अंतर्सालीचे आहेत. ही साल झाडात रस चढतो तेव्हा, वसंतापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, सहज सुटते. ती पाण्यात भिजवून, कुटून तंतू मोकळे करता येतात. अंबाडीचा वाख काढणाऱ्यांना हे काम ओळखीचं वाटेल. कमी भिजली तर तंतू एकमेकांना धरून राहतात, जास्त कुजली तर तेच कमजोर होतात. मग प्रत्येक पेडाला एका दिशेने पीळ द्यायचा आणि तिन्ही पेड एकत्र उलट दिशेने वळायचे. उलट पिळांमुळे पेड एकमेकांना अडवून धरतात. दोन्ही पीळ एकाच दिशेचे असले, तर हात सोडताच दोर उलगडतो. मारातल्या दोरात पीळ बरोबर उलटेच आहेत. माझ्या मते ही शिकून, शिकवून आलेली कला आहे.

असे तंतू एरवी कुजून जातात. इथे पात्याखाली मातीत दबल्याने तुकडा टिकला. शिवाय उत्खननात पाती न धुता, लगेच पिशवीत बंद केली जात होती. धुतलं असतं, तर दोर पाण्याबरोबर गेला असता आणि हातात नुसतं पातं उरलं असतं. कित्येक जुन्या उत्खननांत अवजारं सरसकट धुतली गेली आहेत. म्हणून ‘तिथे दोर सापडला नाही’ या वाक्यावरून तिथल्या माणसांना दोर वळता येत नव्हता, असं म्हणता येत नाही.

हा दोर पात्याला मूठ बांधायचा, की जाळीचा किंवा पिशवीचा, हे एवढ्याशा तुकड्यावरून ठरत नाही.