वेबसाइट ‘सेफ’ आहे की ‘खरी’? लहान मुलांसाठी हे दोन वेगळे प्रश्न

तिसरीतल्या एका मुलीने शहामृगाची माहिती लिहून आणली होती. त्यात एक वाक्य होतं, ‘घाबरलं की शहामृग वाळूत डोकं खुपसतं.’ हे कुठे मिळालं, असं विचारलं तर ती म्हणाली, “बाई, वेबसाइट सेफ होती. मी कुलूप बघितलं होतं.” वाक्य चुकीचं होतं, पण त्यात तिचा दोष नव्हता. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसतंय का ते बघत जा, हे मीच शिकवलं होतं. कुलूप आहे म्हणजे लिहिलेलंही खरं, असं तिने धरून घेतलं, कारण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

वर्गात आपण सरसकट ‘चांगली वेबसाइट’ म्हणतो आणि घोळ तिथेच होतो. सुरक्षित वेबसाइट म्हणजे जिथे गेल्याने माझं काही बिघडणार नाही: घाणेरडं काही दिसणार नाही, कुणी माझं नाव-गाव काढून घेणार नाही, भलतंच काही डाउनलोड होणार नाही. विश्वासार्ह वेबसाइट म्हणजे जिथलं वाचून मी वहीत उतरवलं तर ते खरं निघेल. पहिला प्रश्न माझ्याबद्दलचा आहे, दुसरा लिहिलेल्या मजकुराबद्दलचा.

कुलूप तर सुरक्षिततेचाही फक्त एक तुकडा सांगतं. आपला ब्राउझर (ज्यात आपण वेबसाइट उघडतो ते अ‍ॅप) आणि ती वेबसाइट यांच्यात जे जातं-येतं ते वाटेत कुणाला वाचता किंवा बदलता येत नाही, इतकाच त्याचा अर्थ. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र २०१५ पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था फुकट देते. देताना ती एवढंच तपासते की तो पत्ता खरोखर मागणाऱ्याच्या ताब्यात आहे का. आत काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही, त्यामुळे फसवणुकीच्या वेबसाइटलाही कुलूप सहज मिळतं. मोठ्यांचाही इथे गोंधळ होतोच. गूगलच्या २०२१च्या अभ्यासात कुलपाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना सांगता आला. शेवटी २०२३ मध्ये गूगलच्या क्रोम ब्राउझरने ते चिन्हच काढलं आणि तिथे सेटिंगचं वाटेल असं साधं चिन्ह ठेवलं. काही ब्राउझरमध्ये कुलूप अजून दिसतं, म्हणून मुलांना त्याचा अर्थ सांगावा लागतोच.

तो सांगायला मी पाकिटाचा खेळ घेते. एका चिठ्ठीवर तेच शहामृगाचं वाक्य लिहायचं, चिठ्ठी पाकिटात घालून पाकीट डिंकाने घट्ट चिकटवायचं आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हातोहात पाठवायचं. शेवटचं मूल पाकीट फोडून वाक्य मोठ्याने वाचतं. मग मी विचारते, “वाटेत कुणी उघडलं होतं का?” सगळे ओरडतात, “नाही!” “कुणी काही बदललं का?” “नाही!” “मग जे लिहिलंय ते खरं आहे का?” इथे वर्ग गप्प होतो. दोन-चार जण ‘हो’ म्हणतात, आणि कुणीतरी हळूच म्हणतं, “पण चिठ्ठी तर बाईंनी लिहिली ना. बाईंचं चुकलं असेल तर?” या एका वाक्यासाठी मी अख्खा तास द्यायला तयार असते. पाकीट बंद असणं हे कुलूप. चिठ्ठी कुणी लिहिली आणि त्याला हे कसं माहीत, हा वेगळा शोध.

शहामृगाचा शोध मग आम्ही लगेच घेतो. मादी जमिनीतल्या उथळ खड्ड्यात अंडी घालते आणि नर-मादी मधूनमधून मान खाली घालून चोचीने ती अंडी फिरवतात. लांबून बघणाऱ्याला डोकं जमिनीत गेल्यासारखं दिसतं. गैरसमज कसा झाला असेल ते कळलं की मुलं तो सहसा विसरत नाहीत.

मुलांसाठीचे फिल्टर आणि खास सर्च इंजिनं यांच्याबद्दल पालकांचा हाच गैरसमज असतो. ही साधनं घरात असायलाच हवीत. पण ती अश्लील, हिंसक, घातक मजकूर अडवतात. सभ्य भाषेत लिहिलेली चुकीची माहिती त्यांतून आरामात आत येते. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे झाडावर राहणारा ऑक्टोपस. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात असा प्राणी राहतो आणि तो नामशेष होत चाललाय, असं सांगणारी एक वेबसाइट १९९८ पासून आहे. ती मुद्दाम रचलेली थाप आहे. फोटो आहेत, प्रश्नोत्तरं आहेत, प्राण्याला वाचवण्याची कळकळीची विनंतीही आहे. मुलाला इजा होईल असं तिथे काही नाही. नेदरलँड्समध्ये ११-१२ वर्षांच्या २७ मुलांना ही वेबसाइट दाखवली, तेव्हा ती भरवशाची नाही हे फक्त दोघांनी ओळखलं. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणूनच ‘तारीख आहे का, फोटो आहेत का, मांडणी नीटनेटकी आहे का’ अशा लांबलचक तपासयाद्या लहान मुलांच्या हाती द्यायला माझा विरोध आहे. या थापेला अशा यादीत भरपूर गुण मिळतील. बातम्यांची पडताळणी करणारे व्यावसायिक त्या पानावर फार वेळ घालवतच नाहीत. ते दुसरी टॅब उघडून या पानाबद्दल इतर काय म्हणतात ते बघतात. आठ वर्षांच्या मुलाचं वाचन हळू असतं, त्याला सात टॅब झेपणार नाहीत. त्याला मी एवढंच सांगते, ‘अजून एका ठिकाणी विचारून ये.’ ते ठिकाण विश्वकोश असेल, ग्रंथालयातलं पुस्तक असेल, नाहीतर त्या विषयातलं माणूस.

उलटा प्रकारही घडतो आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. माहिती अगदी बरोबर, पण शेजारी मोठं हिरवं ‘डाउनलोड’ बटण, जे खरं तर जाहिरात असतं. किंवा पान पुढे वाचायला नाव आणि वाढदिवस मागितला जातो. इथे मुलाने विचार करत बसायचं नाही. हात थांबवायचा आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. सुरक्षिततेचा नियम असा झटपट आणि ठाम हवा. खऱ्या-खोट्याचा प्रश्न मात्र सावकाश सोडवायचा असतो. शिवाय पूर्ण वेबसाइटवर एकच शिक्का मारता येत नाही. खेळणी बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर खेळण्याचं माप बरोबर असेल, पण ‘हे जगातलं सर्वांत भारी खेळणं’ हे वाक्य त्याच पानावर असलं तरी त्यावर तेवढाच विश्वास टाकायचा नाही. हे दुसरी-तिसरीतल्या मुलांना छान समजतं. “त्यांना विकायचंय ना, बाई,” असं ती स्वतःच म्हणतात.

आता वहीत प्रत्येक वेबसाइटच्या नावापुढे आम्ही दोन चौकोन काढतो, एकात छोटं कुलूप आणि दुसऱ्यात भिंग. शहामृगवाल्या मुलीने परवा व्हेलची माहिती आणली. कुलपाच्या चौकोनात बरोबरची खूण होती. भिंगाच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘अजून एकाला विचारायचंय.’