इसबाचं कारण ताटात शोधण्याआधी

इसब असलेल्याला पहिला सल्ला मिळतो तो बहुधा पथ्याचा. दूध सोडा, अंडी सोडा, शेंगदाणे तर नकोतच. आठवडाभर सगळं पाळूनही रात्री खाज सुटतेच, आणि माणूस हताश होतो.

मुळात बिघाड असतो तो त्वचेच्या सर्वांत वरच्या, कागदाहूनही पातळ थरात. आतलं पाणी धरून ठेवायचं आणि बाहेरचं काही आत येऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. फिलाग्रिन नावाचं प्रथिन हा थर घट्ट बांधायला मदत करतं. त्याच्या जनुकात दोष असेल तर इसबाचा धोका बराच वाढतो, हे २००६ मध्ये दिसून आलं. अर्थात, इसब असलेल्या प्रत्येकात हा दोष सापडत नाही.

थर विरळ झाला की त्वचा कोरडी पडते आणि धूळ, साबण, जंतू आत शिरतात. खाजवलं की थर आणखी फाटतो, म्हणून पुन्हा खाज. अन्नाचे कणही याच वाटेने शिरतात. तोंडावाटे आलेला पदार्थ शरीर सहसा ओळखीचा मानतं. फाटक्या त्वचेतून आलेल्याला मात्र शत्रू समजण्याची शक्यता जास्त. म्हणजे कित्येकदा आधी इसब येतो, अन्नाची ॲलर्जी मागाहून! तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना लहानपणापासून शेंगदाणा खाऊ घातला, तर पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्के कमी आढळली, असं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं. हा प्रयोग घरी मनाने करू नये; अशा बाळांची आधी तपासणी लागते.

रक्ततपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली एवढ्यावरून ॲलर्जी सिद्ध होत नाही. तो पदार्थ खाल्ल्यावर खरंच त्रास होतो का, हे महत्त्वाचं. मुलांचं खाणं अंदाजाने तोडलेलं पाहिलं की मला फार वाईट वाटतं, कारण त्याची किंमत त्यांची वाढ मोजते. मोठ्यांनी सुगंधी द्रव्यं आणि निकेलचे दागिने यांच्याकडेही संशयाने पाहावं. त्यासाठी पाठीवर ४८ तास पट्ट्या लावून ‘पॅच टेस्ट’ करतात.

घरचा सर्वांत मोलाचा उपाय अगदी साधा आहे. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ, अंग टिपून घेणं आणि ओलसर त्वचेवरच बिनवासाचं, घट्ट मॉइश्चरायझर. हात आखडता घेऊ नये: अंगभर इसब असलेल्या प्रौढाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागू शकतं. लिंबू, व्हिनेगर जखमेला झोंबतात. ऑलिव्ह तेल नैसर्गिक असलं तरी त्वचेचा थर आणखी सैल करतं.

चट्टे लाल होऊन पेटले, तर डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडचं मलम भीतीपोटी टाळू नका; सांगितलं तितकेच दिवस लावा. आणि अचानक दुखरे, पाणीदार फोड उठून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तो नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो.